इजाऱ्याचे खेळ

संगणकावरील खेळांच्या दुकानदारीची चर्चा या पृष्ठांवर पाहून आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. ज्या खेळांपायी घरातील मुले चार हाका मारल्या तरी पानावर येऊन बसत नाहीत, त्यांचा परामर्श आम्ही का घ्यावा, असे ते विचारतील. आणि घ्यायचाच तर खेळांचा घ्यावा, त्यांच्या विक्रीचा कशाला, असेही म्हणतील. आमचे उत्तर इतकेच, की ज्या कृतीवर शेकडो माणसे चार-चार, पाच-पाच वर्षे खपतात, जिच्यात चित्रकार, लेखक, संगीतकार आणि गणिती यांचे श्रम एकवटतात, तिला कलाकृती म्हणण्यास आम्ही तरी कचरत नाही; आणि कोणतीही कलाकृती लोकांपर्यंत कोणत्या दारातून जाते, त्या दारावर कोण बसतो व किती दलाली घेतो, यावर तिचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते. त्यातून आम्ही पडलो वकील. करार दिसला, की तो वाचल्यावाचून आमचा पाय पुढे निघत नाही.

प्रस्तुत करार २०१९ सालच्या जानेवारीतला आहे. त्याचा विषय असलेला खेळ ‘मेट्रो एक्सोडस’. रशियन कादंबरीकार दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या ‘मेट्रो’ कादंबऱ्यांच्या सृष्टीवर तो उभा आहे, आणि त्याचे रचनाकार फोर-ए गेम्स ही मूळची कीव्ह शहरची मंडळी. अणुयुद्धात जग बेचिराख झाल्यावर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत तगून राहिलेली माणसे. त्यांतला आर्त्योम नावाचा तरुण, त्याची पत्नी आना, आणि ‘अरोरा’ नावाची एक वाफेची आगगाडी. भुयाराबाहेर जग शिल्लक आहे काय, हे शोधण्यास ही माणसे निघतात. व्होल्गेचा गोठलेला काठ, कास्पियन समुद्र आटून झालेले वाळवंट, मग तैगाचे अरण्य, असा एका वर्षाचा आणि चारी ऋतूंचा तो प्रवास आहे. बंदुकांचे प्रसंग त्यात पुष्कळ आहेत. परंतु आमच्या मते खेळाचे खरे बळ दोन मुक्कामांच्या मधल्या डब्यात आहे. कोणी गिटार छेडीत बसले आहे, कोणी खिडकीशी उभा राहून भविष्याच्या गोष्टी बोलतो आहे, आणि खेळणाऱ्याने काहीच न करता नुसते ऐकत बसावे, अशी तेथे मुभा आहे. न खेळण्याची मुभा देणारा खेळ विरळा. नायक मात्र खेळ चालू असता एक शब्द बोलत नाही. सगळे त्याच्याशी जीव तोडून बोलतात आणि हा मुका, हे आम्हांस शेवटपर्यंत खटकले.

हा खेळ कित्येक महिने ‘स्टीम’ नावाच्या दुकानात आगाऊ नोंदणीने विकला जात होता. (स्टीम म्हणजे वाफ. वाफेच्या गाडीचा खेळ वाफेच्याच दुकानातून उठावा, हा योगायोग मौजेचा आहे.) खेळ बाहेर पडण्यास अडीच आठवडे उरले असता, २८ जानेवारी रोजी प्रकाशक डीप सिल्व्हर यांनी जाहीर केले, की यापुढे वर्षभर संगणकासाठी हा खेळ ‘एपिक गेम्स स्टोअर’ या नव्या दुकानाचाच राहील. ज्यांनी पैसे आधी भरले होते, त्यांना तो ठरल्याप्रमाणे स्टीमवरच मिळाला. बाकीच्यांना दार बंद. खेळ १५ फेब्रुवारीस बाहेर पडला. स्टीमने आपल्या पानावर सूचना लावून, इतके दिवस आगाऊ विक्री झाल्यावर हा निर्णय ग्राहकांवर अन्याय करणारा आहे, असे म्हटले व ग्राहकांची क्षमा मागितली. खवळलेल्या खेळाडूंनी नव्या खेळाविरुद्ध लिहिण्यास जागा नाही म्हणून त्याच मालिकेतील जुन्या, निरपराध खेळांवर निंदेचे अभिप्राय लिहून सूड उगवला. प्रकार इतका वाढला, की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्टीमला विषयांतराचे अभिप्राय गुणांकनातून वगळण्याची व्यवस्था करावी लागली.

आता या भांडणाचे मूळ पाहू.

स्टीम हे दुकान अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॉल्व्ह या कंपनीचे. ते २००३ च्या सप्टेंबरात उघडले. आज त्याच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये, की आरंभी हे दुकानही कोणाला नको होते. २००४ च्या नोव्हेंबरात व्हॉल्व्हने आपला ‘हाफ-लाइफ २’ हा गाजलेला खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा ज्याने रोख पैसे मोजून त्याची तबकडी घरी आणली, त्यालाही स्टीमचे खाते उघडल्यावाचून तो सुरू करता येत नव्हता. दुकानाची जबरदस्ती ही २०१८ सालची कल्पना नव्हे. ती व्हॉल्व्हनेच रुजविलेली आहे. फरक इतकाच, की त्यांनी स्वतः रचलेल्या खेळाच्या जोरावर ती रुजविली, दुसऱ्याचा खेळ विकत घेऊन नव्हे. हा फरक लहान नाही. पुढे त्याकडे परत यावयाचे आहे.

पुढील पंधरा वर्षांत स्टीम हाच संगणकावरील खेळांचा बाजार झाला. तबकड्या गेल्या, बाजारातली दुकाने गेली. ग्राहकांचे अभिप्राय, चर्चेच्या जागा, मित्रांच्या याद्या, २०१५ पासून खेळ परत करण्याची सोय (चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास), अशा एकेक सुखसोयी त्यात येत गेल्या. आणि प्रत्येक विक्रीवर शेकडा ३० दलाली. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी त्यांनी दलालीचे नवे कोष्टक जाहीर केले: एखाद्या खेळाची कमाई १ कोटी डॉलरांपुढे गेली तर त्यापुढील रकमेवर शेकडा २५, आणि ५ कोटींपुढे गेली तर शेकडा २०. थोरल्यांस सवलत आणि धाकट्यांस पुरी दलाली, असा हा न्याय. ज्या दोघा-तिघांनी घर गहाण ठेवून खेळ रचला त्यांनी तीस द्यावेत, आणि ज्यांच्या तिजोऱ्या आधीच भरल्या आहेत त्यांनी वीस, याचे समर्थन व्यापाराच्या हिशेबाने करता येईल; न्यायाच्या हिशेबाने ते आम्हांस साधले नाही.

लगेच ६ डिसेंबर २०१८ रोजी एपिकने आपले दुकान उघडले. ‘फोर्टनाइट’ या खेळाने या कंपनीच्या घरी लक्ष्मी नांदत होती. तिचे धुरीण टिम स्वीनी यांनी दलाली ठेवली शेकडा १२. साठ डॉलरांच्या खेळावर स्टीम १८ डॉलर घेई, एपिक ७ डॉलर २० सेंट. रचनाकार व प्रकाशक यांच्या पदरी एकीकडे ४२, दुसरीकडे ५२ डॉलर ८० सेंट. शिवाय जे रचनाकार एपिकचीच ‘अनरिअल’ ही यंत्रप्रणाली वापरीत, त्यांचे शेकडा ५ स्वामित्वशुल्क या दुकानातल्या विक्रीपुरते माफ. कागदावर पाहिले तर धर्मयुद्धच. परंतु ग्राहकाने जुने दुकान सोडून या नव्या दुकानात का यावे? रचनाकाराला दहा डॉलर अधिक मिळाले, तरी ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम बहुतेक वेळा तीच राहिली. ‘मेट्रो एक्सोडस’ अमेरिकेत दहा डॉलरांनी स्वस्त, म्हणजे ४९ डॉलर ९९ सेंटांस मिळाला, हा अपवाद नमूद केला पाहिजे. आणि दुकान तरी कसे? एकाच वेळी दोन-तीन जिन्नस टाकून नेण्याची टोपली, जी गल्लीतल्या वाण्याच्या दुकानातही दाराशी असते, ती या दुकानात डिसेंबर २०२१ मध्ये आली. उघडल्यापासून तीन वर्षांनी!

तेव्हा ग्राहक आपण होऊन येत नसेल, तर ज्या मालासाठी तो येईल तो माल दुसरीकडे मिळू द्यावयाचा नाही, हा मार्ग एपिकने पत्करला. यालाच आम्ही इजारा म्हणतो. त्याची रीत अशी: खेळाच्या धन्यास ठरावीक विक्रीची हमी द्यावयाची, खेळ तितका खपो वा न खपो, ती रक्कम त्याचीच. बदल्यात सहा महिने किंवा वर्षभर खेळ संगणकासाठी अन्यत्र विकावयाचा नाही. ‘कंट्रोल’ या खेळासाठी सुमारे ९५ लाख युरो मिळाल्याचे त्याच्या इटालियन प्रकाशकांच्या जमाखर्चातून बाहेर आले. ‘बॉर्डरलँड्स ३’ हा खेळ १३ सप्टेंबर २०१९ पासून सहा महिने एपिककडे होता. त्याची हमी ८ कोटी डॉलरांची. हे आकडे आपल्याला कळले ते एपिकनेच ॲपल कंपनीवर लावलेल्या खटल्यामुळे, ज्याची सुनावणी मे २०२१ मध्ये ओकलंड येथील न्यायालयात झाली. वादी दुसऱ्याची मक्तेदारी सिद्ध करावयास गेला आणि त्याच्या स्वतःच्या इजाऱ्यांचे कागद चव्हाट्यावर आले. न्यायमंदिराची पायरी चढणाऱ्याने आपल्या दप्तराची झडती होणार हे धरून चालावे, असे आम्ही आमच्या अशिलांस नेहमी सांगतो. कॅलिफोर्नियातले नियम निराळे नाहीत.

आता असा इजारा बेकायदा आहे काय? आमच्याकडील २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ३, पोटकलम ४ पाहिले, तर अनन्य पुरवठ्याचा किंवा वितरणाचा करार मुळातच निषिद्ध मानलेला नाही. त्यामुळे स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होत असेल तरच तो शून्य ठरतो. अमेरिकेतील विचारही स्थूलमानाने याच वाटेने जातो. नवे दुकान, लहान हिस्सा, मुदत वर्षाची, आणि समोर पंधरा वर्षांचा बलाढ्य प्रतिस्पर्धी, अशा स्थितीत स्पर्धा मेली असे म्हणणारा वकील आम्हांस कच्चा वाटेल. उलट कायद्याच्या दृष्टीने संशयाची सुई जुन्या दुकानाकडेच अधिक वळते. वुल्फायर या खेळ रचणाऱ्या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये व्हॉल्व्हवर दावा लावला. वादीचे म्हणणे असे, की स्टीमवर खेळ ठेवणाऱ्याने अन्य दुकानात तो स्वस्त विकू नये असा दाब व्हॉल्व्ह आणते, आणि म्हणून कमी दलालीचे दुकान उघडूनही किंमत उतरत नाही. व्हॉल्व्हने हे नाकारले आहे. पहिल्या फेरीत दावा फेटाळला गेला, सुधारून पुन्हा आला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यास सामूहिक दाव्याचे स्वरूप मान्य केले. वादीचे म्हणणे खरे ठरले, तर रचनाकाराच्या पदरी पडणारे दहा डॉलर ग्राहकापर्यंत का पाझरले नाहीत, या आमच्या मघाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच मिळेल.

मग खेळाडूंचा राग निराधार होता काय? नाही. तो चुकीच्या दारावर जाऊन आपटला, आणि त्याची भाषा अनेकदा लाजिरवाणी होती. तथापि त्याच्या पोटात एक खरे दुखणे होते, आणि ते पैशाचे नव्हते. दुखणे होते दिलेल्या शब्दाचे.

‘फिनिक्स पॉइंट’ या खेळाची हकीकत घ्या. बल्गेरियाच्या सोफिया शहरातील स्नॅपशॉट गेम्स या लहान मंडळीने २०१७ साली लोकवर्गणीतून साडेसात लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. खेळ स्टीमवर किंवा जीओजी या दुसऱ्या दुकानात मिळेल, असे वर्गणीदारांस सांगितले होते. मार्च २०१९ मध्ये जाहीर झाले, की तो वर्षभर एपिककडे राहील. ‘शेनमू ३’ ची गोष्ट अधिक बोचरी. जपानी रचनाकार यू सुझुकी यांच्या जुन्या खेळांचे हे तिसरे पर्व. भक्तांनी त्यासाठी वर्षानुवर्षे धोशा लावला होता, आणि २०१५ साली वर्गणी मागताच ६३ लाखांहून अधिक डॉलर जमले. जून २०१९ मध्ये, प्रसिद्धीस पाच महिने उरले असता, तो खेळही एपिकचा झाला. आरडाओरड झाल्यावर पैसे परत देण्याची तयारी दाखविण्यात आली आणि त्याचा भार एपिकने उचलला.

आमच्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम ६२ असे सांगते, की करार बदलावयाचा तर दोन्ही पक्षांची संमती हवी. हे खेळ परदेशचे, कायदेही तेथलेच. पण तत्त्व शाळकरी मुलासही कळेल असे आहे. चार वर्षांपूर्वी ज्याने चाळीस-पन्नास डॉलर दिले, त्याने माल विकत घेतला नव्हता. माल तेव्हा अस्तित्वातच नव्हता. त्याने विश्वास दिला होता. त्या विश्वासाच्या भांडवलावर खेळ उभा राहिला, आणि उभा राहिल्यावर तो कोणत्या दाराने बाहेर पडावा हा हक्क तिसऱ्याच पेढीला विकला गेला. विकणाऱ्यास त्या पैशाची गरज होती, हे आम्ही मानतो. ‘फिनिक्स पॉइंट’च्या रचनाकारांना तो पैसा मिळाल्याने खेळ अधिक भरघोस झाला असेल, हेही शक्य आहे. तरी विचारावयास हवे होते. पैसे परत देऊ करणे हे नुकसानभरपाईचे कलम झाले. पहिल्याच दिवशी वर्गणीदारांस पत्र पाठवून त्यांचे मत घेतले असते, तर बहुतेकांनी कुरकुरत का होईना मान डोलावली असती, असा आमचा अंदाज आहे. वर्गणीदार हा मनाने उदार असतो; त्याला गृहीत धरले की तो बिथरतो.

याच्या उलट वागलेल्यांचीही नोंद केली पाहिजे. ‘डार्क’ हा लहानसा भयखेळ रचणाऱ्या अनफोल्ड गेम्सने ऑगस्ट २०१९ मध्ये एपिकचा प्रस्ताव नाकारला. कारण साधे होते: खेळ स्टीमवर येणार असे आधीच जाहीर केले आहे, मग आता फिरणे बरे नव्हे. दोन्ही दुकानांत ठेवण्याची तयारी त्यांनी दाखविली. एपिकला ते नको होते. आणि त्याच महिन्यात ‘ऊब्लेट्स’ या गोजिरवाण्या खेळाच्या दोघा रचनाकारांनी प्रस्ताव स्वीकारला. त्यांनी कोणाची वर्गणी घेऊन त्या बदल्यात स्टीमचा शब्द दिलेला नव्हता. घोषणा करताना त्यांनी थोडी थट्टा केली, इतकाच अपराध. त्यांवर शिव्यांचा आणि धमक्यांचा जो वर्षाव झाला, तो वाचून आम्हांस शरम वाटली. ज्या रचनाकारास हमीचा पैसा मिळाल्याने वर्षभराची भाकरी सुटली, त्याला द्रोही ठरविणारा ग्राहक स्वतःला कलेचा चाहता म्हणवितो तेव्हा तो नेमका कशाचा चाहता असतो, हे त्याने एकदा शांतपणे तपासावे.

आमच्या मते या साऱ्या वादात एकच कसोटी खरी: इजाऱ्याच्या पैशाने कृती निर्माण झाली, की केवळ निर्माण झालेली कृती एका दारावरून उचलून दुसऱ्या दारावर ठेवली गेली? पहिला प्रकार आश्रयाचा, दुसरा अडवणुकीचा. ‘मेट्रो एक्सोडस’ दुसऱ्या प्रकारात बसतो. खेळ तयार होता, विक्री चालू होती, ग्राहक उंबरठ्यावर होता. एपिकच्या पैशाने त्या आगगाडीला एकही डबा अधिक जोडला गेला नाही.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण ‘ॲलन वेक २’. फिनलंडमधील रेमेडी या मंडळीचा पहिला ‘ॲलन वेक’ २०१० साली आला. स्वतःच लिहिलेल्या भयकथेच्या काळोखात अडकून पडलेला लेखक, ही त्याची कल्पना. दुसरा भाग करण्याची रचनाकारांची उत्कट इच्छा. परंतु कोणी पैसा लावीना. तेरा वर्षे गेली. नायकही कथेत तेरा वर्षे काळोखातच आहे, आणि खेळाने ही प्रतीक्षा आपल्या कथानकात अशी मुरवून घेतली आहे, की अडचणीतून कलेने कसा फायदा उठवावा याचा तो वस्तुपाठच वाटतो. सागा अँडरसन ही तपास करणारी स्त्री एका बाजूने सत्य शोधीत येते, लेखक दुसऱ्या बाजूने असत्य लिहीत येतो. आणि मध्येच एक संपूर्ण प्रकरण गाण्यांतून उलगडते, ज्यात चित्रपट, रंगभूमी आणि खेळ यांच्या सीमा पार पुसल्या जातात. असला वेडा प्रयोग एरवी कोणत्या सावकाराने मान्य केला असता?

तो एपिकने मान्य केला. मार्च २०२० मध्ये त्यांनी प्रकाशनाच्या अटी जाहीर केल्या होत्या: खर्चाचा भार शेकडा शंभरापर्यंत प्रकाशकाचा, खर्च वसूल झाल्यावर नफ्यातला निदान निम्मा वाटा रचनाकाराचा, आणि कृतीचे स्वामित्व पूर्णपणे रचनाकाराकडे. आम्ही आजवर ग्रंथकारांचे जे करार पाहिले, त्यांत लेखकाच्या हिताचे इतके स्वच्छ कलम क्वचितच आढळले. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी खेळ बाहेर पडला, संगणकासाठी अर्थातच एपिकच्या दुकानात. खर्च भरून निघण्यास २०२४ अखेर उजाडली. स्टीमवर असता तर तो लवकर निघाला असता, असे म्हणणारे आहेत, आणि व्यवहार म्हणून त्यांचे खरेही असेल. परंतु ज्याने बी, खत, पाणी दिले त्याने पीक आपल्या खळ्यात आणले, तर त्याला चोर म्हणण्यास आमची जीभ वळत नाही.

एवढा पैसा ओतून एपिकने साधले काय? त्याच खटल्यातील कागदांवरून दिसते, की केवळ २०२० सालासाठी त्यांनी हमीपोटी ४४ कोटी ४० लाख डॉलर बांधून घेतले होते, आणि दुकानाचा तोटा २०१९ साली सुमारे १८ कोटी १० लाख डॉलर होता. याउलट आरंभीच्या नऊ महिन्यांत जे खेळ त्यांनी ग्राहकांस फुकट वाटले, त्यांवर अवघे १ कोटी १६ लाखांच्या आसपास गेले, आणि सुमारे ५० लाख नवे ग्राहक आले. वाटून माणसे आली. अडवून आली त्याहून कितीतरी स्वस्तात. २०२४ साली खुद्द स्वीनी यांनी मान्य केले, की फुकट खेळांची योजना विलक्षण यशस्वी झाली, पण इजाऱ्यांपैकी पुष्कळसे चांगली गुंतवणूक ठरले नाहीत. स्टीमने सर्वांस कायम शेकडा ८८ वाटा दिला तर आपण इजारे थांबवू, असे त्यांनी एप्रिल २०१९ मध्ये म्हटले होते. स्टीमने दिला नाही. इजारे मात्र पुढे आपोआपच विरळ झाले.

दरम्यान रागावून स्टीम सोडून गेलेल्या मोठ्या पेढ्या एकेक करून परत आल्या. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०११ पासून आपले नवे मोठे खेळ स्वतःच्याच दुकानात ठेवण्याचा बाणा धरला होता, तो २०१९ च्या अखेरीस सोडला. युबिसॉफ्ट २०१९ साली एपिककडे गेली, २०२२ च्या अखेरीस परतली. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी जोडल्या गेलेल्या लोकांचा आकडा ४ कोटींपलीकडे गेला. सहा वर्षांच्या युद्धानंतर किल्ल्याची एक वीटही ढळली नव्हती.

असे का व्हावे, याचे उत्तर आम्हांस एका खेळाडूनेच दिले. ‘मेट्रो एक्सोडस’ आला तेव्हा आमचा भाचा महाविद्यालयात होता. एपिकचे खाते उघडण्यास पैसा पडत नाही, मग हा मुलगा वर्षभर वाट का पाहतो, हे आम्हांस कळेना. विचारले तेव्हा म्हणाला, “मामा, दुकान बदलायला माझी हरकत काहीच नाही. पण माझं सगळं फडताळ तिकडे आहे. मित्र तिकडे आहेत. एका खेळासाठी दुसरीकडे बिऱ्हाड थाटू का?” त्याने खरेच वर्ष काढले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये स्टीमवर खेळ आला त्याच आठवड्यात घेतला. ‘ॲलन वेक २’ मात्र त्याने एपिककडून निमूटपणे घेतला. “तो त्यांनीच करवून घेतलाय ना,” एवढेच त्याचे कारण. आम्ही वर जी कसोटी इतके रकाने खर्चून मांडली, ती त्याने एका वाक्यात उरकली होती.

हे फडताळच खरी बेडी आहे. जितके खेळ त्यात अधिक, तितके ते सोडणे जड. आणि गंमत अशी, की ते फडताळ ग्राहकाचे नाहीच. जे आपण विकत घेतो म्हणतो, तो केवळ वापराचा परवाना असतो. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने असा परवाना ‘विक्री’ म्हणून विकताना तसे स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले, आणि पुढच्याच महिन्यात स्टीमच्या पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना झळकली. तबकडीच्या दिवसांत आम्ही एक खेळ घेतला की तो निदान चार मित्रांच्या घरी फिरून येई, कधी परत येई, कधी येतही नसे. आता फिरण्याचा प्रश्नच नाही. एपिकचे फडताळ काय किंवा स्टीमचे काय, किल्ली दुकानदाराच्या कनवटीला. इजाऱ्यांविरुद्ध इतका कंठशोष करणाऱ्यांनी या कलमाविरुद्ध त्याच्या दशांशानेही आवाज उठविला नाही, याचे आम्हांस नवल वाटते. कारण वर्षाचा इजारा वर्षाने संपतो, हा तर आयुष्यभराचा आहे.

किंबहुना आयुष्यानंतरचाही. स्टीमच्या करारनाम्याप्रमाणे खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि मृत्युपत्रानेही ते कोणास देता येत नाही, असे दुकानाच्या मदतकक्षाने एका ग्राहकास कळविल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. आम्ही ते भाच्याला वाचून दाखविले. त्याच्या फडताळात तोवर दोनशेच्या वर खेळ जमले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग मामा, माझ्या मृत्युपत्रात काय लिहायचं?” पंचविशीतल्या मुलाने हा प्रश्न विचारावा याचे हसू आले, तरी आम्ही गंभीरपणेच सांगितले, की वकील म्हणून विचारशील तर त्या दोनशे खेळांपुढे शून्य लिहावे लागेल, मामा म्हणून विचारशील तर परवलीचा शब्द एका कागदावर लिहून बहिणीजवळ ठेव. तो कागद त्याने लिहिला की नाही, हे आम्ही पुढे विचारले नाही.